घटक ४ : ‘परजीवी’ – शास्त्रीय संज्ञा आणि व्यवहारातील शब्द

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• ‘परजीवी’ या संज्ञेचा जीवशास्त्रीय अर्थ सांगता येईल.
• व्यवहारात या अर्थाला कोणती जोड मिळते, हे स्पष्ट करता येईल.
• माणसाविषयी असा शब्द वापरताना कोणता विवेक हवा, हे सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव तेथील तलावासाठी आणि भोवतालच्या जंगलासाठी ओळखले जाते. या भागातील मोहाची झाडे फाल्गुनाच्या सुमारास पाने गाळतात. अशा उघड्या फांदीवर एखादाच हिरवा झुबका दिसला, तर तो बहुधा मोहाचा नसतो. ते बांडगूळ असते. या वनस्पतीचे नाव आपण माणसालाही देतो. ‘समाजाला लागलेले बांडगूळ’ हा प्रयोग आपण भाषणांत ऐकला असेल. झाडावरचे बांडगूळ आणि माणसाला दिलेले हे नाव यांचा अर्थ एकच आहे काय, हा या घटकातील मुख्य प्रश्न आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ जीवशास्त्रातील अर्थ

जो जीव दुसऱ्या जीवाच्या शरीरावर किंवा शरीरात राहून त्याच्याकडून पोषण मिळवतो आणि त्याला कमी-अधिक अपाय करतो, त्यास परजीवी म्हणतात. ज्याच्यावर तो जगतो, तो ‘पोषक’ होय. निकट सहवास, एकाचा लाभ आणि दुसऱ्याची हानी या तीन गोष्टी येथे एकत्र याव्या लागतात. आमरी, म्हणजे ऑर्किड, झाडावर वाढते. परंतु झाडाचे अन्न घेत नाही. म्हणून ती परजीवी नव्हे. अमरवेल जवळजवळ सर्व पोषण दुसऱ्या झाडाकडून घेते. ती परजीवी होय.

बांडगूळ या दोहोंच्या मध्ये आहे. ते आपली शोषक मुळे फांदीत घुसवून पाणी व क्षार घेते, परंतु हिरव्या पानांत स्वतःचे अन्न तयार करते. म्हणून शास्त्र त्यास अर्धपरजीवी म्हणते. त्याच्यामुळे फांदी दुबळी होते, हे खरे. त्याच्या फुलांतील मध शिंजीर पितो आणि फळे फुलटोच्या खातो, हेही खरे. ‘काहीही न करता आयते खाणारा’ हा अर्थ खुद्द बांडगुळालाही पूर्णपणे लागू पडत नाही.

४.३.२ शब्दाचा प्रवास

‘पॅरासाइट’ या इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ‘दुसऱ्याच्या पानाला पान लावून जेवणारा’ असा त्याचा मूळ आशय. ग्रीक सुखात्मिकांत श्रीमंताची खुशामत करून जेवण मिळवणारे पात्र याच नावाने येई. पुढे जीवशास्त्राने हा शब्द घेतला. तेथे तो माणसाकडून निसर्गाकडे गेला. मराठीत ‘बांडगूळ’ निसर्गाकडून माणसाकडे आले. वनस्पती हा त्याचा वाच्यार्थ, तर ऐतखाऊ माणूस हा लक्ष्यार्थ होय.

आता कोकिळेचे उदाहरण घ्या. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि पिलांना कावळे वाढवतात. ती कावळ्याच्या शरीरावर राहत नसली, तरी जीवशास्त्र हाही परजीवितेचाच एक प्रकार मानते. संस्कृत कवींनाही हे ठाऊक होते; म्हणून त्यांनी कोकिळास ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, असे नाव दिले. तथापि त्या नावात निंदा नाही. यावरून असे दिसते की, निंदा परावलंबनाच्या नात्यात नसते; ती बोलणाऱ्याच्या दृष्टीत असते.

४.३.३ शब्द आणि माणूस

पूर्व विदर्भात हत्तीरोग आढळतो. त्याचे कृमी क्युलेक्स जातीच्या डासांमार्फत पसरतात आणि माणसाच्या लसीकावाहिन्यांत राहतात. पाय सुजून जड झालेला माणूस धानाच्या रोवणीला जाऊ शकत नाही. अशा माणसाला घरात ‘खायला काळ आणि भुईला भार’ म्हटले गेले, तर काय घडते ते पाहा. शास्त्रदृष्ट्या तो पोषक आहे, परजीवी कृमी आहे; भाषेने मात्र पोषकालाच परजीवी ठरवले.

अशा शब्दाला सत्तेची जोड मिळाली, की तो अधिक घातक होतो. १९६४ मध्ये सोव्हिएत रशियात कवी जोसेफ ब्रॉडस्की यांना समाजावर जगणारा परजीवी ठरवून पाच वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा देण्यात आली. कविता लिहिणे हे न्यायालयाने काम मानले नाही. पुढे १९८७ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. ‘ऐतखाऊ’ हा शब्द वर्तनाला दोष देतो, आणि वर्तन बदलता येते. ‘बांडगूळ’ हा शब्द माणसाचे असणेच दोषास्पद ठरवतो. शिवाय झाडावरील बांडगुळावर शेतकऱ्याचा नेहमीचा उपाय म्हणजे ते छाटणे. त्यामुळे हे रूपक वापरताना तो उपायही नकळत सुचवला जातो.

४.४ सारांश

जीवशास्त्रात ‘परजीवी’ ही संज्ञा दोन जिवांमधील नात्याचे वर्णन करते; व्यवहारात तोच शब्द निवाडा देतो. शास्त्रीय शब्दाच्या आधाराने दिलेला निवाडा शास्त्रसिद्ध ठरत नाही. म्हणून कोण कोणाच्या श्रमावर जगतो, हे आधी तपासावे आणि मगच शब्द योजावा.

४.५ सरावासाठी प्रश्न

१. बांडगूळ आणि अमरवेल यांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘परभृत’ आणि ‘बांडगूळ’ या शब्दांतील भावच्छटांची तुलना करा.
३. आपल्या परिसरात परावलंबी माणसासाठी वापरले जाणारे तीन शब्द नोंदवा. त्यांपैकी कोणता वर्णन करतो आणि कोणता निवाडा देतो, ते सकारण लिहा.