सर्पविष व सर्पदंशावरील उपचार

पावसाळा लागला म्हणजे शेतांतील बिळांत पाणी शिरतें, उंदीर व बेडूक घरांच्या आणि गोठ्यांच्या आश्रयास येतात, व त्यांच्या मागोमाग साप येतो. आपल्या देशांत सर्पदंशानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं सुमारें निम्मे जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत घडतात. इ. स. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लक्ष माणसें, म्हणजे दरवर्षीं सरासरी ५८,००० माणसें, सर्पदंशानें दगावलीं असें अभ्यासकांचें अनुमान आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांत राहणारीं होतीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली, ती उगीच नव्हे.

आश्चर्य हें कीं, ह्या विषावर खात्रीचें औषध निघून सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मग इतकीं माणसें कां मरतात? ह्याचें मुख्य कारण असें कीं, औषध आहे तेथें रोगी वेळेवर पोंचत नाहीं. तो वेळ कोठें जातो हें आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या ध्यानांत यावें, म्हणून हा विषय येथें थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

विषारी साप कोणते?

आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, नानेटी, कवड्या हे सर्व त्यांतलेच. माणसाच्या जिवावर उठणारे आणि वस्तीजवळ वारंवार आढळणारे साप मुख्यतः चार आहेत : नाग, मण्यार, घोणस व फुरसें. नाग त्याच्या फण्यावरून सर्वांस ठाऊक आहे. मण्यार काळसर-निळा असून त्याच्या अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे असतात. हा रात्रीं हिंडतो. घोणस जाड अंगाची असते, तिच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या मोठ्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, व डिवचली असतां ती मोठ्यानें फूत्कार टाकते. फुरसें लहान, परंतु फार तापट. तें अंगाचें वेटोळें करून खवले एकमेकांवर घासतें, त्यामुळें करवतीसारखा खरखर आवाज येतो.

परंतु केवळ वर्णनावरून साप ओळखण्याचा प्रयत्न कोणी करूं नये. कवड्या हा निरुपद्रवी साप अंधारांत मण्यारासारखा दिसतो, व डुरक्या घोणस ही नांवानें व रूपानें घोणशीची बहीण शोभली तरी बिनविषारी आहे. उलट खऱ्या मण्यारास कवड्या समजून हंसण्यावारीं नेणारा मनुष्य प्राणास मुकतो. म्हणून दंश कोणत्याही सापाचा असो, तो विषारीच समजून वागावें.

विष काय करतें?

सापाचें विष म्हणजे एक प्रकारची तीव्र लाळच होय. ती डोळ्यांच्या मागील ग्रंथींत तयार होते व पोकळ किंवा खांचेच्या दांतांवाटे भक्ष्याच्या अंगांत शिरते. ह्या लाळेंत अनेक निरनिराळीं प्रथिनें असतात, व प्रत्येकाचें काम वेगळें असतें. आपल्या चार सापांच्या विषाचे परिणाम स्थूलमानानें दोन प्रकारचे आहेत.

नाग व मण्यार ह्यांचें विष मुख्यत्वें मज्जातंतूंवर चालतें. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून स्नायूंपर्यंत येतो. जेथें तंतु स्नायूस भिडतो तेथेंच हें विष आडवें येतें. नागाचें विष स्नायूकडील दार अडवितें, तर मण्याराच्या विषांतील मुख्य घटक तंतूच्या टोंकाचाच नाश करतो. प्रथम पापण्या जड होऊन मिटूं लागतात, मग बोबडी वळते, घोट गिळवत नाहीं, व शेवटीं श्वासाचे स्नायु थांबतात. हृदय चालू असतें, पुष्कळदां शुद्धिही असते, परंतु श्वास घेतां येत नाहीं. अशा वेळीं यंत्रानें श्वास चालू ठेवला तर मेल्यासारखा दिसणारा मनुष्य कांहीं दिवसांनीं उठून बसतो. म्हणून असा रोगी हातचा गेला असें समजून कोणी त्यास घरीं परत नेऊं नये. नागाच्या दंशाच्या जागीं मोठी सूजही येते व तेथील मांस कुजूं लागतें.

घोणस व फुरसें ह्यांचें विष रक्तावर चालतें. रक्त गोठविणारीं द्रव्यें आपल्या शरीरांत असतात. हें विष तीं सर्व एकदम खर्चीं घालतें, व मग रक्त गोठण्यास कांहीं शिल्लक उरत नाहीं. हिरड्यांतून, लघवींतून, जुन्या जखमेंतून रक्त वाहूं लागतें. घोणशीच्या विषानें मूत्रपिंडेंही बिघडतात. हें ओळखण्याची युक्ति फार सोपी आहे. कांचेच्या स्वच्छ व कोरड्या नळींत रोग्याचें थोडें रक्त घेऊन डॉक्टर २० मिनिटें तें न हलवितां ठेवतात. तेवढ्या वेळांत तें गोठलें नाहीं, तर विष अंगांत भिनलें आहे असें समजतात.

औषध कसें निघालें?

आपल्या भाषेंत ज्या रोगास घटसर्प म्हणतात, त्याच्याच अभ्यासांतून सर्पविषाच्या औषधाची वाट सांपडली. १८९० सालीं बेरिंग व कितासातो ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, घटसर्पाचें किंवा धनुर्वाताचें विष प्राण्यास थोडथोडें टोंचलें असतां त्याच्या रक्तांत त्या विषाचा प्रतिकार करणारें द्रव्य उत्पन्न होतें, व तें रक्तजल दुसऱ्या प्राण्यास दिलें तर त्याचाही बचाव होतो.

पुढच्याच वर्षीं, १८९१ च्या ऑक्टोबरांत, आजच्या व्हिएतनाम देशाच्या दक्षिण भागांत बाक-लियू गांवाजवळ पूर आला. पुराच्या पाण्यानें हांकललेले नाग झोंपड्यांत शिरले व त्यांच्या दंशानें चार माणसें मरण पावलीं. तेथील एका गारुड्यानें १९ नाग जिवंत धरून पिंपांत कोंडले, व तें पिंप सायगांव येथील नव्यानें निघालेल्या पाश्चर संस्थेकडे रवाना झालें. संस्थेचे प्रमुख आल्बेर काल्मेत हे तरुण डॉक्टर होते. त्यांनीं त्या विषावर प्रयोग आरंभिले, आणि १८९४ सालीं फ्रान्समध्यें त्यांनीं, व त्यांच्याहून स्वतंत्रपणें फिझालिक्स आणि बर्त्रां ह्या जोडीनें, सर्पविषावरील प्रतिविष सिद्ध करून दाखविलें. पुढें ब्राझील देशांत व्हितल ब्राझील ह्या डॉक्टरांस असें आढळलें कीं, नागाच्या विषावरचें हें औषध त्यांच्या देशांतील सापांवर चालत नाहीं. ज्या जातीचें विष त्याच जातीचें प्रतिविष पाहिजे, हें तत्त्व त्यावरून प्रस्थापित झालें.

आपल्या देशांत वर सांगितलेल्या चारही सापांवर चालणारें एकच मिश्र प्रतिविष वापरतात. त्यासाठीं लागणारें बहुतेक विष तमिळनाडूंतील इरुळा जमातीचे लोक पुरवितात. साप धरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेल्या ह्या लोकांची सहकारी संस्था १९७८ सालीं चेन्नईजवळ स्थापन झाली. साप धरून, त्याचें विष काढून घेऊन, ते त्यास पुन्हा रानांत सोडतात. हें विष अल्प प्रमाणांत घोड्यांस टोंचतात, मात्रा हळूहळू वाढवितात, व मग घोड्याच्या रक्तांतून प्रतिविष काढून त्याची भुकटी करतात. मुंबईच्या परळ भागांतील हाफकिन हें नांव आपणांस प्लेगच्या लशीमुळें ठाऊक आहे. त्या नांवाशीं प्रतिविषाची निर्मितिही अनेक वर्षें जोडलेली आहे.

येथें थोडें गणित करूं. प्रतिविषाची एक कुपी १० मिलिलिटरची असते, व तिनें घोणशीचें ६ मिलिग्रॅम विष निष्फळ होतें. घोणस एका दंशांत सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. तेव्हां आरंभींच १० कुप्यांच्या आसपास औषध कां लागतें, हें विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानांत येईल. तसेंच मुलास मोठ्या माणसाइतकीच मात्रा देतात, कारण साप मूल पाहून विष कमी सोडीत नाहीं. हें औषध शिरेंतूनच द्यावें लागतें, व घोड्याच्या रक्तापासून झालेलें असल्यामुळें तें एखाद्यास बाधूं शकतें. म्हणून तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घेतलें पाहिजे.

मंत्रानें विष उतरतें काय?

गांवोगांवीं असा एखादा मनुष्य असतो कीं, ज्याच्या हातून शंभर माणसें उठलीं असें लोक सांगतात. लोक खोटें बोलतात असें आमचें म्हणणें नाहीं. तीं माणसें खरोखरच उठलीं असतील. प्रश्न एवढाच कीं, तीं कशानें उठलीं? त्यांतील पुष्कळांस बिनविषारी साप चावला होता. कांहींस विषारी साप चावला, पण त्यानें विष सोडलेंच नाहीं, कारण साप पुष्कळदां कोरडा दंश करतो. आणखी कांहींच्या अंगांत विष गेलें, पण तें प्राणघातक होण्याइतकें नव्हतें. ह्या तिन्ही प्रकारच्या रोग्यांस मंत्राशिवाय नुसतें पारावर बसविलें असतें, तरी त्यांचा जीव वांचला असता. राहिला चौथा प्रकार. ज्याच्या अंगांत विष भरपूर गेलें तो मेला, व त्याविषयीं लोक म्हणाले कीं, त्याची वेळच भरली होती. अशा रीतीनें जमेची बाजू मांत्रिकाच्या नांवें व खर्चाची बाजू दैवाच्या नांवें मांडली जाते. असा हिशेब आम्ही शाळेंत कोणत्याही विद्यार्थ्यास मांडूं देणार नाहीं.

हीच गोष्ट जहरमोहऱ्याची, झाडपाल्याची, व कडुनिंबाचा पाला चावावयास देऊन तो कडू लागतो कीं नाहीं हें पाहण्याची. ह्या उपायांत जाणारा तास दीड तास हाच खरा घात करतो. विष एकदां मज्जातंतूंचीं टोंकें नष्ट करून चुकलें, म्हणजे प्रतिविषासही तें नुकसान भरून काढतां येत नाहीं.

आमच्या ख्रिस्ती बांधवांसही येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मांत्रिकास नांवें ठेवून आपण केवळ प्रार्थनेवर विसंबून घरीं बसलों, तर वेळ तितकाच जातो. प्रार्थना अवश्य करावी, पण ती दवाखान्याच्या वाटेवर, गाडींत बसून करावी. तसेंच, प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या हातास साप झोंबला तेव्हां बेटावरील लोकांनीं त्यास लागलीच खुनी ठरविलें, ती कथा आपण जाणतों. सर्पदंश हें कोणाच्या पापाचें फळ नव्हे, व दंश झालेल्या घरास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

दंश झाल्यावर काय करावें?

१. रोग्यास धीर द्यावा व निजवून ठेवावें. चालूं अथवा धावूं देऊं नये, कारण स्नायूंच्या हालचालीनें विष लवकर पसरतें.

२. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ लागलीच काढावें, कारण सूज आल्यावर तीं रुतून बसतात.

३. चावलेल्या हातास किंवा पायास फळी अगर काठी लावून, मोडलेल्या हाडास बांधतात तसें सैलसर बांधावें. दोरीनें करकचून आवळूं नये, त्यानें तो अवयव कुजतो. कोणी आधींच आवळलें असेल, तर तें डॉक्टरांसमोरच सोडावें.

४. जखम कापूं नये, चोखूं नये, जाळूं नये, तींत कांहीं चोळूं नये. दारू किंवा झाडपाला पाजूं नये.

५. ओकारी होत असेल तर रोग्यास डाव्या कुशीवर वळवावें.

६. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, अगर मिळेल त्या वाहनानें जेथें प्रतिविष आहे अशा दवाखान्यांत न्यावें. दंश किती वाजतां झाला हें लक्षांत ठेवून डॉक्टरांस सांगावें. साप मारण्यांत किंवा शोधण्यांत वेळ दवडूं नये.

आईबापांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. मण्याराचा दंश बहुधा रात्रीं, जमिनीवर निजलेल्या माणसास होतो. तो मुंगी चावल्यासारखा असतो, व पुष्कळदां खूणही दिसत नाहीं. पहांटे मूल पोट दुखतें म्हणून उठतें, ओकतें, आणि त्याच्या पापण्या मिटूं लागतात. पोटदुखी समजून त्यास ओवा देऊन निजविणें म्हणजे तें मूल गमावणें होय. पावसाळ्यांत असें मूल दिसलें, तर साप दिसला नसला तरी तडक दवाखाना गांठावा.

दंश टाळण्याचे उपाय त्याहून सोपे आहेत. खाटेवर निजावें, मच्छरदाणी गादीखालीं खोंचावी, रात्रीं दिवा घेतल्यावांचून बाहेर पडूं नये, सरपण व गोवऱ्या घरापासून दूर रचाव्या, व त्यांत हात घालण्यापूर्वीं काठीनें हलवून पाहावें. साप दिसला म्हणून त्यास मारण्याचें कारण नाहीं. आपल्या धान्याचे उंदीर तोच खातो.

प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरापासून प्रतिविष मिळणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, व रात्रीं तेथें जाण्यास कोणाचें वाहन मिळेल, ह्याची चौकशी पहिला पाऊस पडण्यापूर्वींच करून ठेवावी, आणि ती माहिती घरांतील भिंतीवर लिहून लावावी. एका घरीं जरी तें झालें, तरी हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.