तिकीट बंद झालं, पण कोड पोचला का?

मागच्या सेमिस्टरला आमच्या चौघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलच्या मेससाठी वेबसाइट केली. कोणाचे किती खाडे आणि महिन्याचं बिल किती, एवढंच तिचं काम. पहिल्याच महिन्यात तक्रार आली. सुट्टी दोन महिन्यांत विभागली गेली, तर दुसऱ्या महिन्यातले खाडे धरलेच जात नव्हते. मी गिटहबवर इश्यू उघडला, क्रमांक ४२. रात्री जागून चूक दुरुस्त केली, कमिटमध्ये ‘फिक्सेस #४२’ लिहिलं आणि कोड मुख्य ब्रँचमध्ये टाकला. इश्यू आपोआप बंद! मी निवांत झोपलो.

महिनाअखेरीस मेस सेक्रेटरी बिलांचा गठ्ठा घेऊन दारात उभा. "अरे, खाडे आहेत तसेच आहेत!" मी लॅपटॉपवर दाखवलं, बरोबर होतं. सर्व्हरवर बघितलं, चूक होती. सर्व्हरवर नेमका कोणता कोड चालू आहे, हे आमच्या चौघांपैकी एकालाही सांगता येईना. रूममेटने लॅपटॉपवरची एक झिप फाइल कधीतरी चढवली होती, तेवढंच आठवत होतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं, पण अकरा मुलांना जादा बिल गेलं होतं.

मित्रांनो, आमची गफलत साधी होती. कणीक मळली म्हणजे पोळी ताटात पडली, असं आम्ही धरून चाललो होतो. कोड लिहून कमिट करणं म्हणजे कणीक मळणं. त्यातून चालवता येईल असं पॅकेज बनवणं म्हणजे बिल्ड. ही झाली पोळी. ती सर्व्हरवर चढवणं म्हणजे डिप्लॉयमेंट, म्हणजेच ताटात वाढणं. गिटहबने इश्यू बंद केला तो पहिल्या पायरीवर. पुढच्या दोन पायऱ्यांचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून तिकिटापासून सर्व्हरपर्यंत एक सलग साखळी लागते. तिच्या तीन कड्या आहेत.

पहिली कडी : प्रत्येक कमिटच्या मजकुरात तिकिटाचा क्रमांक हवाच. जिरासारखं सॉफ्टवेअर रेपॉझिटरीला जोडलेलं असलं, की ते हा क्रमांक ओळखून तिकिटावरच संबंधित कमिट दाखवतं.

दुसरी कडी : बिल्ड कोणाच्या लॅपटॉपवर करायचा नाही. लॅपटॉपवर कमिट न केलेले बदलही असतात, ते नकळत आत शिरतात. जेन्किन्ससारखं साधन रेपॉझिटरीतून कोड घेतं, प्रत्येक बिल्डला क्रमांक देतं आणि तो कोणत्या कमिटवरून बनला याची नोंद ठेवतं. मागच्या बिल्डनंतर कोणते कमिट आले हे कळलं, की या बिल्डमध्ये कोणती तिकिटं आहेत तेही कळतं.

तिसरी कडी : कोणता बिल्ड, कोणत्या सर्व्हरवर, कधी चढवला, ही नोंद माणसाच्या आठवणीवर सोडायची नाही. चढवणाऱ्या स्क्रिप्टनेच ती लिहायची.

मात्र कमिटमध्ये क्रमांक आहे म्हणजे चूक सुटलीच, असं नाही. कोणीतरी त्या चुकीला हात लावला, एवढंच त्यावरून कळतं. तिकीट बंद करायचं ते चालू सर्व्हरवर तपासून झाल्यावरच.

तुम्ही म्हणाल, मेसच्या बिलासाठी एवढा खटाटोप? मग अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचं उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांचा नवा कोड आठ सर्व्हरवर हवा होता, पण एका सर्व्हरवर तो चढवायचाच राहिला होता. तिथे २००३ पासून न वापरलेला जुना कोड पडून होता. नव्या कोडसाठी जुनाच फ्लॅग पुन्हा वापरल्यामुळे तो जागा झाला आणि भराभर ऑर्डर सोडू लागला. दुसऱ्या माणसाने तपासायची लेखी पद्धतच तिथे नव्हती. बिघाड कुठे आहे ते न कळून त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला, तर तिथेही जुना कोड जागा झाला! सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. आठव्या सर्व्हरवर काय चालू आहे हे एका नजरेत दिसलं असतं, तर निदान उरलेल्या सातांना कोणी हात लावला नसता.

असो. आम्ही अकरा जणांची बिलं दुरुस्त करून दिली आणि माफीही मागितली. आता वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात बिल्ड क्रमांक दिसतो. हॉस्टेलवाल्यांना एकच विनंती : बिलात चूक दिसली तर जरूर ओरडा, पण तक्रारीत तो क्रमांकही लिहा. चूक आमच्या कोडमध्ये आहे की कोड तुमच्यापर्यंत पोचलाच नाही, हे मग आम्हाला रात्रभर शोधत बसावं लागणार नाही.