ठेकेदाराचा विमा : काम सुरू होण्यापूर्वी काय पाहावे?

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हटले जाते. बांधकामातील खर्च, विलंब आणि मनस्ताप यांची कल्पना प्रत्येकास असते. परंतु परांचीवरून एखादा कामगार खाली पडला, किंवा पायाच्या खोदकामामुळे शेजाऱ्याच्या भिंतीला तडा गेला, तर भरपाई कोणी द्यावयाची, हा प्रश्न बहुधा अपघातानंतरच विचारला जातो. काम घराचे असो वा दुकानाचे, त्याचे उत्तर करारपत्रात आधीच लिहिलेले असले पाहिजे. त्यासाठी आवश्यक असलेल्या विम्यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून घेऊ.

१. कामगारांसाठी विमा

कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई कामावर ठेवणाऱ्याने द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने घालून दिले. त्या कायद्यातील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. भरपाईच्या हिशेबाची मूळ पद्धत संहितेनेही कायम ठेवली आहे. कामगाराचा मृत्यू ओढवल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस त्याच्या वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे असते. तीस वर्षे वयासाठी हा गुणक २०७.९८ आहे. मासिक वेतन १५,००० रुपये धरल्यास भरपाई १५,५९,८५० रुपये होते.

चार-सहा मजूर घेऊन काम करणाऱ्या ठेकेदाराजवळ एवढी रक्कम क्वचितच असते. १९२३ च्या कायद्याने भरपाईची जबाबदारी घातली, परंतु विमा घेण्याची सक्ती केली नव्हती. त्यामुळे विमा नसेल, तर कामगाराच्या कुटुंबाच्या हाती हक्क येतो, पैसा येत नाही. म्हणूनच कर्मचारी नुकसानभरपाई विम्याची अट मालकाने करारातच घालावी. या विम्यात कामगारांची संख्या, कामाचे स्वरूप आणि वेतन जाहीर करावे लागते. पोटठेकेदाराच्या कामगारांचा उल्लेख स्वतंत्रपणे केला आहे ना, हेही पाहावे. बांधकाम हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी तर विशेष दक्षता घ्यावी. त्यांच्या पोटठेकेदाराच्या कामगारास भरपाई थेट त्यांच्याकडून मागता येते. ती पोटठेकेदाराकडून वसूल करण्याचे काम मागाहून त्यांनाच करावे लागते.

२. कामासाठी आणि त्रयस्थांसाठी विमा

नव्या बांधकामासाठी ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ ही पॉलिसी प्रचलित आहे. तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागात प्रत्यक्ष कामाच्या व साहित्याच्या हानीची, तर दुसऱ्या भागात त्रयस्थांच्या इजेची व मालमत्तेच्या हानीची भरपाई मिळते. मात्र नावात ‘ऑल रिस्क’ असले, तरी सर्वच धोके तिच्यात येत नाहीत. ठेकेदाराचे स्वतःचे कामगार दुसऱ्या भागातून वगळलेले असतात. म्हणून आधीचा विमा वेगळा घ्यावाच लागतो. कंपनामुळे किंवा आधार काढल्यामुळे शेजारच्या इमारतीस झालेले नुकसान आणि मालकाची जुनी, उभी असलेली वास्तू यांसाठी सामान्यतः जादा हप्ता भरून पुरवणी संरक्षण घ्यावे लागते. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत नेमका हाच धोका सर्वांत मोठा असतो.

विम्याची रक्कम मालकाने पुरवलेल्या साहित्यासह संपूर्ण कामाच्या मूल्याइतकी असावी. ४० लाख रुपयांच्या कामाचा ३० लाखांचाच विमा घेतला आणि ४ लाखांची हानी झाली, तर प्रमाणशीर कपातीनुसार ३ लाखच देय ठरतात. त्यातूनही विमाधारकाने स्वतः सोसावयाची ठरावीक रक्कम वजा होते.

३. मालकाची स्वतःची पॉलिसी

‘माझ्या घराचा विमा आहेच’ या समजुतीवर विसंबून राहू नये. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत जमीन खचण्यापासून संरक्षण आहे. परंतु बांधकाम, पाडकाम, रचनेतील फेरफार किंवा खोदकाम यांमुळे जमीन खचली, तर ते लागू होत नाही. मोठी दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी विमा कंपनीस लेखी कळवावे. मालमत्ता बँकेकडे तारण असल्यास शाखेसही कळवावे आणि पॉलिसीवर बँकेच्या हितसंबंधाची नोंद आहे, याची खात्री करावी.

४. काम सुरू होण्यापूर्वी

(अ) पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. ‘विमा आहे’ या तोंडी शब्दावर थांबू नये.
(आ) विमाधारकाचे नाव, कामाचा पत्ता आणि मुदत करारपत्राशी ताडून पाहावी. काम लांबल्यास मुदतही वाढवून घ्यावी.
(इ) हप्ता भरल्याची पावती पाहावी. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबी अन्वये हप्ता मिळाल्यावाचून विमा कंपनीस जोखीम स्वीकारता येत नाही.
(ई) वगळलेल्या बाबींचे पान शेवटपर्यंत वाचावे.

सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना तो दर कमी का आहे, हेही विचारावे. पुष्कळदा त्यातून विम्याचा हप्ताच गाळलेला असतो. तो अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून लिहून घ्यावा. परांचीवर चढणाऱ्या माणसास आपण काम देतो, तेव्हा त्याच्यामागे राहणाऱ्या घराचा विचार करणे हेही मालकाचे कर्तव्य होय.