नुकसान आणि हेतू

दार ढकलताना एका मुलाकडून पंधरा पेले नकळत फुटले. दुसऱ्याने आई घरी नसता मुरांबा घेण्यासाठी हात घातला व एक पेला फोडला. अधिक अपराधी कोण? स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या १९३२ च्या ग्रंथातील हा प्रश्न. सहा-सात वर्षांची पुष्कळ मुले पहिल्याकडे बोट दाखवितात. ती नुकसान मोजतात. हेतूचा विचार नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमारास प्रबळ होतो. लहान मुलांचा असा निवाडा हा दुष्टपणा नव्हे, वयाचा धर्म होय.

शिक्षकाने मात्र त्या वयाचे राहू नये. हजेरीपटावर गैरहजेरी तेवढी दिसते, तिचे कारण दिसत नाही. आणि छडी तर कारण विचारीतच नाही. कोसबाड (तेव्हा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर) येथे १९५७ पासून कार्य करणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ते कारण शोधले. वारली मुले शाळेच्या वेळी गुरे राखीत. मुलांस दोष न देता त्यांनी शाळाच कुरणात नेली. हीच कुरणशाळा. गुरे चरत राहिली आणि तेथेच धडे सुरू झाले.