जुन्या जीपच्या इंजिनातील गिअर आणि त्यांचे वंगण



गळीत हंगामात कारखान्याची मिल ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना रोलर फिरवणारी मोठमोठी दातेरी चक्रे ठाऊक आहेत. त्यांच्या दातांवर काळे, चिकट वंगण सारखे लागत असते. ते बंद पडले तर काय होईल, हे कोणी सांगायला नको. असेच गिअर आपल्या दारातल्या जुन्या पेट्रोल जीपच्या इंजिनातही आहेत. ते झाकलेले असतात, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

गिअर कोठे असतात?

महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीप आपल्या देशात जोडायला सुरुवात केली. पुढे इथेच बनलेल्या पेट्रोल जीपमध्ये चार सिलिंडरचे ‘हरिकेन’ इंजिन येत असे. या इंजिनात टायमिंगसाठी साखळी नसते. क्रँकशाफ्टचा लहान पोलादी गिअर कॅमशाफ्टच्या मोठ्या गिअरला फिरवतो. आवाज कमी व्हावा म्हणून मोठ्या गिअरचे दात फायबरचे असतात. दोन्हींचे दात भिडतात तिथे ऑइल सोडणारी एक बारीक तोटी असते. तिला जेट म्हणतात.

कॅमशाफ्टवर तिरप्या दातांचा आणखी एक गिअर आहे. तो ऑइल पंप फिरवतो आणि पंपाच्या दांड्यावरून डिस्ट्रिब्युटर फिरतो. म्हणजे हा गिअर झिजला की ठिणगी पुढे-मागे होते, आणि तुटला की ऑइलचा दाबच जातो. मग बेअरिंगपासून क्रँकपर्यंत सगळे इंजिन उतरवावे लागते.

दात का झिजतात?

दोन दात भिडताना एकमेकांवर घासतात. मध्ये ऑइलचा पातळ थर असेपर्यंत धातूला धातू लागत नाही. हा थर मुख्यतः चार कारणांनी तुटतो.

१) धूळ : उसाच्या फडातली आणि कच्च्या रस्त्याची धूळ एअर क्लीनरमधून आत गेली की ऑइल कानशीसारखे दात खाते.

२) थंडी : निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात कधी कधी पारा पाच अंशांच्याही खाली जातो. अशा पहाटे जाड ऑइल जेटपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि आपण मात्र स्टार्टर मारताच गाडी रेटतो.

३) साचलेला गाळ : ऑइल वेळेवर न बदलल्यास गाळ जमून जेट तुंबते. फायबरचे दात कोरडे पडतात व तुकडे पडतात.

४) पेट्रोलची भेसळ : पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते आणि ऑइल पाण्यासारखे पातळ होते.

चौथ्या कारणाकडे विशेष लक्ष द्यावे. आता बाजारातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासूनही बनते, त्याचा आपल्याला आनंद आहे. पण जुन्या प्रकारच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. म्हणून जुन्या जीपचा पडदा व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्याव्यात. इथेनॉलला दोष देत बसण्यापेक्षा हे काम स्वस्तात होते.

ऑइल कोणते घालावे?

“जेवढं जाड तेवढं चांगलं” हा समज सोडावा. आपल्या हवेला २०डब्ल्यू-५० हे पेट्रोल इंजिनाचे ऑइल बरे. पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, दुसरा गरम इंजिनातल्या जाडीचा. नव्या मोटारींची ५डब्ल्यू-३० सारखी पातळ ऑइले जुन्या इंजिनात घालू नयेत. धूर शुद्ध करणारे यंत्र खराब होऊ नये म्हणून त्यांत झीज रोखणाऱ्या फॉस्फरसचे प्रमाण साधारण ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवलेले असते. जुन्या कॅम व टॅपेटला यापेक्षा जास्त आधार लागतो.

काय करावे?

१) रोज सकाळी इंजिन थंड असताना पट्टी पाहावी. पातळी आपोआप वाढली किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नये. ऑइल ताकासारखे पांढरट दिसले तर पाणी मिसळले आहे असे समजावे.

२) गाडी सुरू झाल्यावर गेजचा काटा वर येईपर्यंत रेस करू नये. गरम इंजिनाचा नेहमीचा दाब वहीत लिहून ठेवावा. तो हळूहळू उतरू लागला की मिस्त्रीला दाखवावे.

३) साधारण ३,००० किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदलावा. धुळीत फिरणे जास्त असेल तर त्याआधी. एअर क्लीनरच्या वाटीतले ऑइलही बदलावे.

४) अनेक वर्षे एकच साधे ऑइल वापरलेले असेल, तर नवे घालण्यापूर्वी चेंबर उतरवून जाळी धुवावी. नाहीतर नव्या ऑइलने सुटलेला गाळ जेटमध्ये अडकेल.

५) पुढचे कव्हर कोणत्याही कामाला उघडले, तर जेट तारेने व हवेने साफ करून घ्यावे आणि गिअरचे दात बोटाने चाचपावेत.

“अजून चालतंय की” म्हणून थांबू नये. चार-पाच लिटर ऑइल आणि एक रबरी पडदा यांचा खर्च इंजिन उतरवण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. शिवाय ऐन तोडणीत गाडी उभी राहिली तर माणसेही खोळंबतात. हंगाम सुरू होण्यापूर्वीच एक सकाळ या कामाला द्यावी.