चौकोनातली खूण

आपण वाचायला शिकलो. सही करायलाही शिकलो. अंगठ्याची शाई गेली आणि हातात पेन आले. फार चांगली गोष्ट झाली. पण अंगठा असो की सही असो, एक गोष्ट बदलत नाही. कागदावर जे लिहिलेले असेल ते आपल्याला कबूल आहे, असा तिचा अर्थ होतो.

आज आपण अशाच एका सहीची हकीगत वाचू. हकीगत लांबची आहे, इंग्लंड देशातली आहे. पण आपल्या खेड्यापाड्यांतली मुलेमुली आता तिकडे नोकरीला जातात, शिकायला जातात, लग्न होऊन जातात. तेव्हा ती आपल्याला अगदीच परकी नाही.

मुलीचा फोन

समजा, आपल्या गावची एक मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेली. तिला दिवस गेले. डॉक्टरांनी तिला दोन औषधे लिहून दिली. चिठ्ठी घेऊन ती औषधाच्या दुकानात गेली. तिथल्या माणसाने विचारले, "पैसे भरणार, की तुम्हांला माफी आहे?" मुलीने ऐकले होते की गरोदर बाईला औषध फुकट मिळते. चिठ्ठीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत मजकूर होता. पुढे लहान लहान चौकोन होते. गरोदर बाईच्या चौकोनात तिने खूण केली, खाली सही केली आणि औषध घेऊन घरी आली.

काही महिन्यांनी एक सरकारी लिफाफा आला. तिला भीती वाटली. तिने तो न फोडताच खणात टाकला. मग दुसरा लिफाफा आला. तो फोडला, तर आत दंडाचा कागद! तिने रडत आईला फोन केला.

"आई, सरकारनं मला दंड केलाय गं. मी काय चोरी केली?"

आई आपल्यासारखीच. दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकलेली. ती म्हणाली, "रडू नको. आधी कागद पुरता वाच. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि तो पहिला लिफाफा कुठाय? तोबी फोड."

आईने शहाणपणाचा सल्ला दिला. आता त्या कागदात काय होते ते आपण समजून घेऊ.

औषध फुकट की विकत?

इंग्लंडात 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. डॉक्टर, इस्पितळ, औषध, सारे फुकट मिळू लागले. पण खर्च फार वाढला. म्हणून 1952 साली डॉक्टरांच्या चिठ्ठीला एक शिलिंग आकार बसवला. 1965 साली तो काढून टाकला. 1968 साली पुन्हा बसवला. त्या वेळी म्हातारी माणसे, मुले, गरीब आणि काही रोगी यांना माफी दिली.

शेजारच्या भागांत हा आकार आता नाही. वेल्समध्ये 2007 साली, उत्तर आयर्लंडमध्ये 2010 साली आणि स्कॉटलंडमध्ये 2011 साली तो बंद झाला. इंग्लंडात मात्र तो राहिला. मे 2024 मध्ये तिथला दर एका औषधाला 9 पौंड 90 पेन्स असा ठरला. एक पौंड म्हणजे शंभराहून जास्त रुपये. शंभर पेन्सचा एक पौंड होतो. चिठ्ठीवर दोन औषधे असली, तर दोन वेळा आकार भरावा लागतो.

आपल्या लोकांची इथे एक चूक होते. परदेशी माणूस बरेच दिवस राहण्याचा परवाना काढतो, तेव्हा बहुतेकांना आरोग्य सेवेसाठी वेगळी रक्कम आधीच भरावी लागते. त्यांना वाटते, "पैसे तर भरलेत, आता औषध फुकटच." तसे नाही. त्या पैशांत डॉक्टर आणि इस्पितळ येते. इंग्लंडातला औषधाचा आकार निराळा द्यावा लागतो.

माफी कोणाला?

16 वर्षांखालच्या मुलांना माफी आहे. पूर्ण वेळ शिकणाऱ्या 16 ते 18 वर्षांच्या मुलांना आहे. 60 वर्षे झालेल्यांना आहे. सरकारकडून ठरावीक प्रकारची मदत घेणाऱ्या गरिबांना आहे. काही आजारांनाही आहे. मधुमेहावर औषध घेणारे, फेफऱ्यावर कायम औषध घेणारे, कर्करोगाचे रोगी, असे ते आजार ठरवून दिलेले आहेत. दमा आणि रक्तदाब त्या यादीत नाहीत.

गरोदर बाईला माफी आहे. बाळंतपणानंतर वर्षभरही आहे. पण इथेच मेख आहे. तिने नुसते गरोदर असून भागत नाही. तिच्याजवळ माफीचा दाखला पाहिजे. दाखला फुकट मिळतो, पण तो मागावा लागतो. सुईणीला किंवा डॉक्टरांना सांगितले की ते अर्ज करून देतात. आजाराच्या माफीलाही असाच दाखला लागतो. तो पाच वर्षे चालतो. मुदत संपली की नवा काढावा लागतो. आजार तोच असला, तरी जुना दाखला चालत नाही.

आता त्या चौकोनापुढचा मजकूर पाहा. "मी गरोदर आहे" असे तिथे नव्हते. "माझ्याजवळ माफीचा चालू दाखला आहे" असे होते. मुलीच्या मनात लबाडी नव्हती. पण जे खरे नव्हते त्यावर तिची सही झाली.

दंड किती?

दुकानात कोणी हटकले नाही, म्हणून सारे ठीक आहे असे समजू नये. काही दुकानांत संगणकावर तिथल्या तिथे माफी तपासता येते. सगळ्याच माफ्या तशा दिसत नाहीत. पुढे सरकारी कचेरी काही चिठ्ठ्या काढून तपासते. माफीची नोंद सापडली नाही, तर आधी चौकशीचे पत्र येते. मुलीने खणात टाकला तो लिफाफा हाच! त्याला वेळेवर उत्तर गेले असते, तर गोष्ट तिथेच मिटण्याचा संभव होता.

दंडाचा नियम असा आहे. औषधाचा मूळ आकार भरायचा. त्याशिवाय त्याच्या पाचपटीपर्यंत दंड. पण दंड 100 पौंडांच्या वर जात नाही. मुलीचा हिशेब करू.

दोन औषधांचा आकार: 19 पौंड 80 पेन्स.
त्याची पाचपट: 99 पौंड.
एकूण: 118 पौंड 80 पेन्स.

28 दिवसांत पैसे भरले नाहीत, तर आणखी 50 पौंडांपर्यंत वाढ होते. तरीही गप्प बसले, तर वसुली करणाऱ्यांकडे प्रकरण जाऊ शकते. म्हणजे लिफाफा खणात टाकून दंड टळत नाही, उलट वाढतो.

पत्र नेहमी बरोबर असते का?

नाही. सरकारचीही चूक होते. इंग्लंडातल्या सरकारी हिशेब तपासणीसांच्या कचेरीने 2019 साली या दंडांची चौकशी केली. 2014 पासून औषधे आणि दातांचे उपचार मिळून सुमारे 56 लाख दंडाची पत्रे गेली होती. त्यांतली सुमारे 17 लाख पत्रे मागे घ्यावी लागली, कारण त्या माणसांची माफी खरीच होती. नियम किचकट आहेत, लोकांचा गोंधळ होतो, असेही त्या चौकशीत दिसले. 2013 साली गरिबांसाठी मदतीची एक नवी पद्धत सुरू झाली होती. पण पुष्कळ वर्षे चिठ्ठीवर तिच्यासाठी चौकोनच नव्हता! मग माणसाने खूण करावी तरी कुठे?

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्या. पत्र आले म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो असे नाही. आणि पत्र चुकीचे असले, तरी आपण बोलल्याशिवाय ते मागे जात नाही. ज्यांनी उत्तर दिले त्यांचे दंड सुटले. जे भिऊन गप्प राहिले, त्यांतल्या कित्येकांनी नाहक पैसे भरले असतील.

मग करावे काय?

1. पत्र आले त्याच दिवशी फोडावे. तारीख आणि मुदत वाचावी. वाचता आले नाही, तर जाणत्याला दाखवावे.

2. पत्रात कोणत्या दिवसाचे औषध आहे ते पाहावे. त्या दिवशी आपल्याजवळ चालू दाखला होता का, ते शोधावे.

3. माफी खरी असेल, तर दाखल्याचा नंबर देऊन मुदतीत कळवावे. नाव, पत्ता किंवा जन्मतारीख चुकीची नोंदल्यामुळेही माफी सापडत नाही. तेही तपासावे.

4. चूक आपली असेल, तर खरे सांगावे. औषधाचा आकार भरावाच लागतो. आपण लबाडी केली नाही आणि निष्काळजीपणाही केला नाही, असे दाखवता आले, तर दंड लागत नाही, अशी कायद्यात सोय आहे. पण "मी वाचलेच नाही" एवढ्याने भागेल, अशी आशा धरू नये.

5. माफी आहे की नाही अशी शंका असेल, तर त्या दिवशी पैसे भरावे आणि परताव्याची पावती मागावी. पावती त्याच वेळी मागायची असते, नंतर मिळत नाही. माफी ठरली, तर तीन महिन्यांच्या आत ते पैसे परत मागता येतात.

6. माफी नाही आणि औषधे मात्र पुष्कळ लागतात, अशांसाठी एस. टी. च्या पाससारखी सोय आहे. मे 2024 च्या दराने 114 पौंड 50 पेन्स भरले की वर्षभर कितीही औषधे घ्यावी. वर्षात बारा किंवा जास्त औषधे लागत असतील, तर हा पास परवडतो.

शेवटी

आईने फोन ठेवण्याआधी मुलीला विचारले, "तू एवढी शिकलेली. मग सहीच्या आधी वाचलं का नाहीस?"

मुलगी म्हणाली, "मागं माणसं खोळंबली होती गं. लाज वाटली."

आई म्हणाली, "माणसं थांबतील. कागद थांबत नाही."

आपल्यालाही कचेरीत, बँकेत, सोसायटीत, रेशनच्या दुकानात कोणी म्हणते, "इथं सही करा, बाकीचं आम्ही पाहू." तेव्हा मान खाली घालू नये. कागद हातात घ्यावा. बोट ठेवून वाचावा. समजले नाही, तर विचारावे. जे खरे नाही त्यावर सही करू नये. आणि जे आपल्या हक्काचे आहे, ते दाखला काढून मागून घ्यावे. आपण अक्षरे शिकलो ती यासाठीच.

उत्तरे सांगा

1. मुलीने कोणत्या दोन चुका केल्या?
2. एकाच औषधाची चूक असेल, तर आकार आणि दंड मिळून जास्तीत जास्त किती पौंड होतील? हिशेब करा.
3. तुमच्या घरात मुदतीचे दाखले कोणते आहेत? ते काढा, त्यांवरच्या तारखा वाचा आणि वहीत लिहून ठेवा.