बूस्ट वाढवण्याआधी

पोरा, कमिन्सचं 5.9 लिटरचं 6बीटी म्हणजे दणकट इंजिन. सहा सिलिंडर एका ओळीत, बिडाचा ब्लॉक, कॅमशाफ्ट गिअरवर फिरणारा. पट्टा तुटायची भानगडच नाही. आपल्याकडे ते टाटाच्या ट्रकांत आलं, अमेरिकेत 1989 ते 1998 पर्यंत डॉजच्या पिकअपमध्ये बसलं. तिकडे वजन ओढायच्या शर्यतींसाठी लोक त्यावर मूळच्या दुप्पट-तिप्पट बूस्ट चढवतात. इंजिन सोसतं, पण आधी त्याची तयारी करून घ्यावी लागते.

पहिलं काम गेजचं. बूस्टचा एकटा काटा बघून हुरळून जाऊ नकोस. टर्बोच्या अलीकडे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर दुसरा गेज लाव. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर टर्बो मापाचा आहे. बूस्ट 40 पौंड आणि मॅनिफोल्डमध्ये 70 दिसले, तर टर्बो लहान पडतोय, तो बदल. तापमानाचा प्रोबही तिथेच बसव. काटा 700 अंश सेल्सिअसच्या वर रेंगाळला की पाय काढ. पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत. खालून तेलाचे फवारे त्यांना थंड ठेवतात, पण किती ठेवणार?

आता हेड. खरी लढाई इथेच आहे. बूस्ट वाढला की सिलिंडरमधला दाब हेड वर उचलू बघतो, बोल्ट किंचित ताणतात आणि गॅस्केट फुटतं. 12 मिलिमीटरचे 26 बोल्ट आहेत, त्यांच्या जागी चांगल्या पोलादाचे स्टड घाल. त्याआधी ब्लॉकमधल्या प्रत्येक भोकात टॅप फिरवून आटे साफ कर आणि हवा मार. तळाशी तेल किंवा पाणी साचलेलं राहिलं, तर टॉर्क पाना वाजतो पण हेड दाबलं गेलेलं नसतं, शिवाय ब्लॉकला चीर जायची भीती. पट्टी आणि फीलर गेज लावून हेड आणि ब्लॉक दोन्ही सपाट आहेत का बघ. शंका आली तर फेसिंगला दे. बूस्ट फारच चढवायचा असेल, तर सिलिंडरभोवती खाच पाडून त्यात स्टेनलेसची तार बसवतात, तेही करून घे. स्टडवर कंपनीनं दिलेलंच वंगण लाव. वंगण बदललं की त्याच टॉर्कला ताण वेगळा बसतो.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बहुतेक जण विसरतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड 40 मिलिमीटर धर. त्यामागे 40 पौंडांचा दाब साठला, तर त्या एका व्हॉल्व्हवर सुमारे 35 किलोची ढकल येते. मूळची स्प्रिंग तिथे कमी पडते आणि व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडतो. जास्त ताकदीच्या स्प्रिंगा घाल.

पुढचं कव्हर उघडलंस तर गिअर केसमधली छोटी डॉवेल पिन बघ. ती सैल होऊन गिअरमध्ये पडली की सगळ्या मेहनतीवर पाणी. तिच्यावर पत्र्याची पट्टी घालून बोल्टनं आवळून टाक.

डिझेल वाढवायचं ते सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं शर्यतीच्या गाडीसाठी. रस्त्यावर माल वाहणाऱ्या ट्रकचं इंजिन असं बदलणं कायद्यात बसत नाही; त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

स्टड घातल्यावर इंजिन पूर्ण गरम कर, रात्रभर थंड होऊ दे, मग एकेक नट सैल करून पुन्हा टॉर्कला आवळ. हे होईपर्यंत गाडी कुणाच्या ताब्यात देऊ नकोस, गिऱ्हाईक कितीही घाई करो.